मर्डेकाचा राजपुत्र

३० ऑगस्ट १९५७ ची मध्यरात्र जवळ येत होती. क्वालालंपूर शहराच्या मध्यभागी सेलांगोर क्लबासमोर हिरवळीचे एक विस्तीर्ण मैदान आहे. इंग्रज अधिकारी व व्यापारी कित्येक वर्षे तेथे क्रिकेट खेळत आले होते. त्या रात्री मात्र मलय, चिनी आणि भारतीय नागरिकांची त्या मैदानावर रीघ लागली होती. बाराच्या ठोक्याला ब्रिटिश ध्वज खाली आला आणि मलायाचा नवा ध्वज वर चढला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस पडला व समारंभास थोडा उशीर झाला. मग तेथून जवळच, नुकत्याच बांधून झालेल्या एका स्टेडियममध्ये, चोपन्न वर्षांच्या एका राजपुत्राने स्वातंत्र्याची घोषणा वाचली आणि हात उंचावून सात वेळा ‘मर्डेका’ असा जयघोष केला. प्रत्येक वेळी भोवतालच्या हजारो कंठांनी तोच शब्द परत दिला.

अशा रीतीने एका राष्ट्राचा जन्म दोन क्रीडांगणांवर झाला. त्यांतले पहिले इंग्रजांनी मागे ठेवलेले होते. दुसरे मात्र हेतुपुरस्सर उभारलेले होते, आणि ते उभारले जावे हा आग्रह त्या राजपुत्राचाच होता. त्यांचे नाव तुंकू अब्दुल रहमान. स्वतंत्र मलायाचे व नंतर मलेशियाचे पहिले पंतप्रधान म्हणून ते श्रोत्यांना परिचित असतील. परंतु पंतप्रधानपद त्यांच्याकडे तेरा वर्षे होते, आणि मलायाच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्षपद सुमारे तेवीस वर्षे. राज्यकर्त्याने क्रीडासंस्थेला शोभेपुरते नाव द्यावे, हा रिवाज सर्वत्र आढळतो. तुंकूंच्या बाबतीत हे नाते शोभेचे नव्हते. ते काय होते आणि कोठवर पुरले, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम दोन शब्दांविषयी. ‘मर्डेका’ म्हणजे स्वातंत्र्य. या शब्दाचे मूळ संस्कृतातील ‘महर्द्धिक’ या शब्दात असल्याचे भाषाशास्त्रज्ञ दाखवितात. महर्द्धिक म्हणजे मोठ्या ऋद्धीचा, समर्थ. समुद्रापलीकडे गेल्यावर त्याला दास्यातून सुटलेला असा अर्थ आला, आणि विसाव्या शतकात तो अवघ्या राष्ट्राच्या मुक्तीचा शब्द झाला. राजपुत्राचे पूर्ण नाव तुंकू अब्दुल रहमान पुत्र अल्-हाज. ‘तुंकू’ ही मलय राजकुळातील पदवी, आणि ‘पुत्र’ हा संस्कृतातलाच पुत्र. ज्या केडाह संस्थानात ते जन्मले त्याचे प्राचीन नाव ‘कडारम्’ तमिळ शिलालेखांत व ‘कटाह’ संस्कृत वाङ्मयात येते. मलय द्वीपकल्पाशी भारताचा संबंध किती जुना आहे, याची साक्ष या नावांतच आहे.

८ फेब्रुवारी १९०३ रोजी केडाहची राजधानी अलोर सेतार येथे त्यांचा जन्म झाला. वडील सुलतान अब्दुल हमीद हलीम शाह, आई सयामकडील. केडाह तेव्हा सयामचे मांडलिक होते. १९०९ च्या करारानंतर ते ब्रिटिशांच्या आधिपत्याखाली आले. सुलतानाच्या मोठ्या परिवारातला हा मुलगा राजवाड्यापेक्षा बाहेर अधिक रमे. शाळेत जाताना पायांना चिखल लागू नये म्हणून सेवक त्याला खांद्यावर घेऊन जात, आणि त्यावरून सवंगडी त्याची थट्टा करीत, अशी हकीकत सांगतात. अलोर सेतार, बँकॉक, पिनांग असे शिक्षण होऊन केडाह संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९२० मध्ये इंग्लंडला गेले आणि १९२५ मध्ये केंब्रिजचे पदवीधर झाले. विद्यार्थी म्हणून त्यांची कीर्ती पुस्तकांपेक्षा वेगवान मोटारी आणि घोड्यांच्या शर्यती यांविषयीच अधिक होती. परंतु ब्रिटनमधील मलय विद्यार्थ्यांची संघटना १९२६ मध्ये निघाली तेव्हा तिचे चिटणीसपद त्यांनी स्वीकारले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. सभा बोलाविणे, पत्रे लिहिणे, लोकांना एकत्र आणणे हे चिटणिसाचे काम. या चैनी तरुणाला तेच आवडले.

बॅरिस्टरीच्या परीक्षेने त्यांना दीर्घकाळ हुलकावणी दिली. यश न घेताच १९३१ मध्ये ते परतले आणि केडाहच्या मुलकी सेवेत शिकाऊ अधिकारी म्हणून रुजू झाले. राजपुत्र असूनही त्यांच्या वाट्याला आडबाजूचे जिल्हे आले. पाडांग तेराप हा त्यांपैकी एक. हिवतापाने तो इतका बदनाम होता की कोणी अधिकारी तेथे जाण्यास राजी नसे. तुंकू तेथे गावोगाव फिरले, शेतकऱ्यांच्या ओट्यांवर बसले. १९३५ मध्ये त्यांच्या पहिल्या पत्नीचा हिवतापानेच अंत झाला. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी सैन्य उतरले, तेव्हा वृद्ध सुलतानाला ब्रिटिशांसमवेत पिनांगकडे हलविण्याचा बेत ठरला होता. राजाने संकटात प्रजेला सोडून जाऊ नये, म्हणून या पुत्राने वडिलांची मोटार वाटेतच वळविली आणि त्यांना केडाहमध्येच ठेवून घेतले. युद्ध संपल्यावर ते पुन्हा लंडनला गेले आणि १९४९ मध्ये, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, बॅरिस्टर झाले.

१९५१ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात निर्णायक ठरले. ऑगस्टमध्ये मलय लोकांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, आणि त्याच वर्षी मलायाच्या फुटबॉल संघटनेचेही. एका अर्थी या दोन पदांत विरोध होता. पहिली संघटना एका समाजाची होती. दुसरीला सर्व समाजांना धरून चालल्यावाचून गत्यंतर नव्हते. मलायाच्या लोकसंख्येत तेव्हा निम्मे मलय, एक तृतीयांशाहून अधिक चिनी आणि दहांशाच्या आसपास भारतीय होते. मलय बहुधा शेतात व सरकारी नोकरीत, चिनी बाजारपेठेत व कथलाच्या खाणींत, तमिळ मजूर रबराच्या मळ्यांत. भाषा निराळ्या, धर्म निराळे, शाळा निराळ्या. त्यातच १९४८ पासून कम्युनिस्ट बंडाळीमुळे आणीबाणी पुकारलेली होती आणि परस्परांविषयीचा संशय वाढला होता.

तरीही एक गोष्ट या सर्वांच्या आवडीची होती, आणि ती म्हणजे फुटबॉल. क्रिकेट, टेनिस व गोल्फ हे साहेबांच्या क्लबांचे खेळ राहिले. फुटबॉलला एक चेंडू आणि मोकळी जागा पुरे. १९२१ मध्ये ‘मलाया’ या ब्रिटिश युद्धनौकेच्या खलाशांनी एक चषक भेट दिला होता. ही युद्धनौकाच मुळी मलय संस्थानांच्या पैशांतून बांधली गेली होती. त्या चषकासाठी संस्थानांचे व सिंगापूरचे संघ दरवर्षी झुंजत. गावपातळीवरील क्लब पुष्कळदा समाजवार असत. मलयांचा वेगळा, चिन्यांचा वेगळा, भारतीयांचा वेगळा. परंतु संस्थानाचा संघ निवडताना उत्तम खेळाडू पाहावा लागे, आणि प्रेक्षकही आपल्या जातीपेक्षा आपल्या संस्थानासाठी ओरडत. जे संस्थानाला साधले ते राष्ट्राला साधेल काय, हा प्रश्न नव्या अध्यक्षापुढे होता.

राजकारणातही त्यांनी हाच मार्ग धरला. मलय, चिनी व भारतीय अशा तीन पक्षांची आघाडी करून त्यांनी जुलै १९५५ च्या निवडणुकीत ५२ पैकी ५१ जागा जिंकल्या. फेब्रुवारी १९५६ मध्ये लंडनला वाटाघाटी यशस्वी झाल्या आणि स्वातंत्र्याचा दिवस दृष्टिपथात आला. त्यानंतर थोड्याच महिन्यांत, सप्टेंबर १९५६ मध्ये, क्वालालंपूरच्या एका टेकडीवर स्टेडियमचे काम सुरू झाले.

नव्या राष्ट्राच्या गरजांच्या यादीत स्टेडियम कितव्या क्रमांकावर असावे, हा प्रश्न कोणाही प्रशासकाला पडेल. शाळा, रुग्णालये, रस्ते हे सारे व्हावयाचे होते आणि बंडाळी अद्याप मिटली नव्हती. तथापि, स्वातंत्र्याची घोषणा बंदिस्त सभागृहात मोजक्या निमंत्रितांपुढे होण्याऐवजी लोकांच्या डोळ्यांदेखत व्हावी, आणि दुसऱ्या दिवसापासून ती जागा खेळासाठी कामी यावी, यात एक हिशेबही होता. सार्वजनिक बांधकाम खात्याचे स्टॅन्ले ज्युक्स यांनी त्याचा आराखडा केला. बाके आधी साच्यात ओतलेल्या काँक्रीटची, दिव्यांचे खांब आकाशात उंच गेलेले. वर्षभराच्या आत सुमारे २०,००० प्रेक्षक मावतील असे हे बांधकाम पुरे झाले आणि ३० ऑगस्ट १९५७ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्याचे नाव ‘मर्डेका स्टेडियम’. सरकारी खात्याने ठरल्या मुदतीत काम पुरे केल्याचे उदाहरण म्हणूनही ते स्मरणात राहावे.

स्वातंत्र्यसोहळ्याच्या त्याच दिवसांत तुंकूंनी आपल्या मनातली स्पर्धा सुरू केली. आशियातील राष्ट्रांना निमंत्रणे गेली आणि १९५७ च्या पहिल्या ‘मर्डेका’ फुटबॉल स्पर्धेत शेजारचे संघ उतरले. योगायोग असा की, स्वातंत्र्याचे नाव धारण करणारी ही पहिली स्पर्धा जिंकली ती हाँगकाँगने, जे अजून ब्रिटिशांची वसाहत होते. पुढच्या वर्षी व त्याच्या पुढच्या वर्षी यजमान मलायाने ती जिंकली.

या स्पर्धेचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळची स्थिती आठवावी लागते. आशियाई सामने चार वर्षांनी भरत. आशियाई चषकही चार वर्षांनीच. मधल्या काळात रंगूनचा संघ सेऊलशी किंवा कलकत्त्याचा खेळाडू सायगावच्या खेळाडूशी खेळावा, अशी सोयच नव्हती. नव्याने स्वतंत्र झालेली ही राष्ट्रे एकमेकांपेक्षा लंडन, पॅरिस वा हेग यांनाच अधिक ओळखत होती. मर्डेका स्पर्धेने त्यांना दरवर्षी एका गावात आणून बसविले. भारतीय संघ १९५९ मध्ये तेथे उपविजेता ठरला. १९६२ मध्ये जाकार्ताच्या आशियाई सामन्यांत भारताने फुटबॉलचे सुवर्णपदक मिळविले आणि मलायाने कांस्यपदक. १९६४ च्या मर्डेका स्पर्धेत भारत अंतिम सामन्यात ब्रह्मदेशाकडून एका गोलने हरला. १९६६ मध्ये युद्धाने होरपळणाऱ्या दक्षिण व्हिएतनामने ती जिंकली. भारतीय फुटबॉलच्या त्या भरभराटीच्या काळात क्वालालंपूर हे आपल्या खेळाडूंचे नेहमीच्या येण्याजाण्याचे ठिकाण झाले.

१९५८ मध्ये आशियाई फुटबॉल महासंघाचे अध्यक्षपद तुंकूंकडे आले. १९५४ मध्ये मनिला येथे स्थापन झालेल्या या संस्थेला पहिल्या चार वर्षांत चार अध्यक्ष लाभले होते. तुंकू मात्र सुमारे अठरा वर्षे राहिले. एका देशाचा पंतप्रधान खंडाच्या खेळाचाही अध्यक्ष असणे ही विलक्षण गोष्ट होती. त्यांच्या कारकीर्दीतले सर्वांत टिकाऊ काम म्हणजे १९५९ मध्ये क्वालालंपूर येथे सुरू झालेली आशियाई युवक स्पर्धा. नावाजलेल्या खेळाडूंचे सामने भरविले की टाळ्या तत्काळ मिळतात. वीस वर्षांखालील मुलांची स्पर्धा भरविणाऱ्याला फळासाठी दहा वर्षे थांबावे लागते. याच स्पर्धेत १९७४ मध्ये बँकॉक येथे भारताचे तरुण इराणसह संयुक्त विजेते झाले.

खेळाडूंविषयीचा लोकांचा जिव्हाळाही तुंकूंना हवा तसा जाति-धर्माच्या पलीकडे जात होता. सेलांगोरचा अब्दुल गनी मिन्हात हा त्या पिढीचा लाडका. लोक त्याला ‘राजा बोला’ म्हणत. ‘बोला’ म्हणजे चेंडू, चेंडूचा राजा. खरा राजपुत्र अध्यक्षांच्या आसनावर बसलेला असताना जनतेने सामान्य घरातल्या मुलाला राजा म्हणावे, यात लोकशाहीचा एक लहानसा धडा होता.

परंतु मैदानावरची मैत्री मैदानाबाहेर किती टिकते? तुंकूंच्या आयुष्याने या प्रश्नाची परीक्षा वारंवार घेतली. इंडोनेशियाने १९६१ व १९६२ ची मर्डेका स्पर्धा जिंकली, आणि पुढच्याच वर्षी मलेशियाच्या निर्मितीवरून त्याच इंडोनेशियाने संघर्ष आरंभिला. तो १९६६ पर्यंत चालला. ९ ऑगस्ट १९६५ रोजी सिंगापूर मलेशियातून वेगळे झाले. तो निर्णय तुंकूंनी जड अंतःकरणाने संसदेत जाहीर केला. येथे मात्र खेळाने राजकारणापेक्षा अधिक धीर दाखविला. जुन्या युद्धनौकेच्या चषकाचे आता ‘मलेशिया चषक’ असे नामांतर झाले होते. सिंगापूरचा संघ स्वतंत्र राष्ट्राचा झाल्यावरही त्या चषकासाठी पुढे अनेक वर्षे खेळत राहिला, आणि १९७७, १९८० व १९९४ मध्ये त्याने तो जिंकलाही. जे संविधानाला राखता आले नाही ते नाते एका स्पर्धेच्या वेळापत्रकाने काही काळ राखले.

याहून मोठा आघात १३ मे १९६९ रोजी झाला. निवडणुकीनंतर क्वालालंपुरात मलय व चिनी यांच्यात दंगल उसळली. सरकारी आकड्यानुसार १९६ माणसे मेली. ज्या शहरात सर्व समाज एका बाकावर बसून एकाच संघासाठी ओरडत होते, त्याच शहरात शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांची घरे जाळली. तुंकूंवर तीव्र टीका झाली. ते चिनी समाजाला फार झुकते माप देतात, असा आरोप त्यांच्याच पक्षातल्या तरुणांनी केला. पुढे पंतप्रधान झालेले महाथीर मोहम्मद यांच्या त्या वेळच्या गाजलेल्या पत्रात तुंकूंच्या पत्त्यांच्या डावांचाही उल्लेख होता. जगातला सर्वांत सुखी पंतप्रधान आपणच, असे ते एके काळी अभिमानाने म्हणत. त्यांची क्रीडाप्रियता हा गुण मानला जात होता. आता तोच बेफिकिरीचा पुरावा ठरला.

या टीकेत तथ्यांश होता. फुटबॉलच्या नव्वद मिनिटांत प्रत्येकाला नियम ठाऊक असतात, पंच सर्वांना सारखा असतो आणि शिट्टी वाजल्यावर वाद संपतो. शेत, दुकान, शाळा आणि नोकरी यांच्या व्यवहारात कोणाला किती मिळाले याचा हिशेब कोणत्याही शिट्टीने मिटत नाही. तुंकूंचा स्वभाव समेटाचा. दोन्ही बाजूंना हसतमुखाने चहाला बोलावले की तिढा सुटतो, असा त्यांचा अनुभव होता, आणि बराच काळ तो खराही ठरला. परंतु दारिद्र्याचा तिढा सद्भावाने सैल होतो, सुटत नाही. हे दंगलीने दाखविले. २२ सप्टेंबर १९७० रोजी त्यांनी पंतप्रधानपद सोडले.

फुटबॉलचे अध्यक्षपद मात्र त्यांच्याकडेच होते, आणि तेथे त्यांच्या श्रमांचे उत्तर उशिरा मिळाले. १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकसाठी मलेशियाचा फुटबॉल संघ पात्र ठरला. त्या संघाचा कर्णधार होता एम. चंद्रन, त्याच्या जोडीला सोह चिन आन आणि वाँग चून वा, आघाडीला शहरुद्दीन अब्दुल्ला. भारतीय, चिनी आणि मलय या तीन समाजांची नावे एका संघाच्या यादीत शेजारी शेजारी होती. त्यांनी अमेरिकेला तीन गोलांनी हरविले. दंगलीला तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. हा विजय म्हणजे दंगलीवरचा उपाय नव्हे. परंतु जखम अद्याप ओली असताना असा संघ उभा राहू शकला, हे नगण्य म्हणता येणार नाही.

आंतरराष्ट्रीय राजकारणाने खेळात केलेला प्रवेशही तुंकूंना पाहावा लागला. १९६० मध्ये राष्ट्रकुलाच्या पंतप्रधानांच्या परिषदेत दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी धोरणाविरुद्ध त्यांनीच आवाज उठविला होता. पुढच्या वर्षी तो देश राष्ट्रकुलातून बाहेर पडला. १९६२ मध्ये चीनने भारतावर आक्रमण केले तेव्हा त्यांनी भारताच्या साहाय्यासाठी लोकशाही-रक्षण निधी उभारला. तत्त्वासाठी पक्ष घेण्यास ते कचरत नसत. पण १९७४ मध्ये आशियाई फुटबॉल महासंघाने ठराव करून इस्रायलला संघटनेतून वगळले, तेव्हा अध्यक्षपदी तेच होते. इस्लामी राष्ट्रांच्या संघटनेचे पहिले सरचिटणीस म्हणूनही त्यांनी त्याआधी काम केले होते. इस्रायलच्या तरुणांनी ज्या युवक स्पर्धेत अनेक वेळा विजेतेपद मिळविले होते, ती तुंकूंच्याच कारकीर्दीत सुरू झालेली. सर्वांना एकत्र आणण्यासाठी बांधलेल्या घराचे एक दार घरमालकाच्या डोळ्यांदेखत बंद झाले. खेळ राजकारणापासून अलिप्त असतो, हे वाक्य जे उच्चारतात त्यांनी हा प्रसंग आठवावा.

मर्डेका स्टेडियम मात्र आपले काम करीत राहिले. मार्च १९७५ मध्ये जागतिक हॉकी स्पर्धेचा अंतिम सामना तेथेच झाला. अजितपाल सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारताने पाकिस्तानला दोन विरुद्ध एक असे हरविले. भारतातील लाखो घरांत तो विजय आकाशवाणीच्या समालोचनातून ऐकला गेला, आणि ‘मर्डेका’ हा शब्द महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतही पोहोचला. आपलेच एक जुने संस्कृत अक्षरधन परत येत आहे, याची कल्पना त्या श्रोत्यांपैकी थोड्यांनाच असेल.

उतारवयात तुंकू पिनांगला राहिले आणि तेथील ‘द स्टार’ या वृत्तपत्रात नियमाने लिहीत राहिले. आपण उभ्या केलेल्या पक्षाच्या सरकारला चुकेल तेथे बोल लावण्यास त्यांनी मागेपुढे पाहिले नाही. १९८७ मध्ये सरकारने त्या वृत्तपत्राचे प्रकाशनच काही काळ बंद पाडले. ६ डिसेंबर १९९० रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. अलोर सेतारजवळ लांगार येथे राजकुळाच्या दफनभूमीत ते विसावले आहेत.

पुढे मोठी स्टेडियमे झाली आणि मर्डेकाचे तेज ओसरले. शेजारी शंभराहून अधिक मजल्यांचा मनोरा उभा राहिला. परंतु २००३ मध्ये त्या वास्तूला राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला आणि नंतर ती १९५७ च्या रूपात पूर्ववत करण्यात आली. मर्डेका स्पर्धाही दशकभराच्या खंडानंतर २०२३ मध्ये पुन्हा भरली. भारताचा संघ तीत गेला आणि यजमान मलेशियाकडून चार विरुद्ध दोन गोलांनी हरला.

तुंकूंच्या हयातीचा हिशेब करताना १९५७ चा तो जयघोष आणि १९६९ ची ती आग, दोन्ही एकाच पानावर मांडावी लागतात. मैदानावर जमलेली माणसे आपोआप राष्ट्र होत नाहीत. तेथे ती फक्त राष्ट्र होण्याची तालीम करतात. शिट्टी वाजते, दिवे मालवतात आणि प्रत्येक जण आपापल्या गल्लीत परततो. गल्लीतले काम दुसऱ्यांना करावे लागते, आणि ते पुरेसे झाले नाही तर तालीम वाया जाते. तरीही तालमीला जागा लागते, वेळापत्रक लागते, निमंत्रणपत्रे लिहिणारा आणि सर्वांना एका बाकावर बसवून घेणारा कोणी चिटणीस लागतो. केडाहच्या राजपुत्राने ते काम आयुष्यभर आनंदाने केले.